गोधडीची जमीन

दिवाळीची आवराआवर सुरू झाली की घरोघरच्या माळ्यावरून पत्र्याच्या ट्रंका खाली उतरतात. वर्षभर मिटलेली झाकणे उघडतात, डांबराच्या गोळ्यांचा वास ओसरीभर पसरतो, आणि घडीघडीतून जुनी पातळे, विटलेली धोतरे, लेकींच्या लहानपणच्या परकरांचे तुकडे बाहेर येऊ लागतात. ‘हे टाकायचे की ठेवायचे?’ असा प्रश्न ज्या घरात विचारला जातो, त्या घरात गोधडीचा विषय आपोआपच निघतो. शरद ऋतू सरत आलेला असतो, हेमंत उंबरठ्याशी येऊन ठेपलेला असतो, आणि अभ्यंगस्नानासाठी पहाटे उठताना अंगावरचे पांघरूण दूर सारणे जिवावर येते. अशा दिवसांत, सणाच्या या पानावर, फराळाच्या आणि पूजाविधींच्या पंक्तीला गोधडीचेही एक पान मांडले तर ते अस्थानी ठरू नये.

गोधडी कशी शिवावी हे माताभगिनींना सांगण्याचा अधिकार माझा नाही. मी हरिदास, वीणा आणि पोथी यांपलीकडे हातात काही धरलेले नाही. परंतु गतवर्षी कृष्णाकाठच्या आमच्या घरात एका गोधडीवरून जे घडले, त्यातून पुष्कळ शिकावयास मिळाले. ठसठशीत छापाची चिटे घेऊन साधी चौकोनी गोधडी शिवावयाची असेल, तर त्या चिटांखाली जमीन कोणती घ्यावी, एवढाच तो विषय.

जमीन म्हणजे काय, हे दिवाळीत वेगळे सांगावयास नको. रांगोळीचे बोट उचलण्याआधी घरची सुवासिनी अंगणात गेरूचा चौकोन सारवते. तो वाळू देते, मगच त्यावर शुभ्र रेघ उमटते. हल्लीच्या गुळगुळीत पांढऱ्या फरशीवर तीच रांगोळी काढा. हात तोच, ठिपके तेच, पण कमळ दिसतच नाही. रांगोळीत उणे काही नसते. तिला उभे राहावयास जागा नसते. कापडाचेही तसेच आहे. आपण दुकानात जातो तेव्हा मन हरते ते फुलांवर, मोरांवर, कोयऱ्यांवर. त्यांच्यामागे काय असावे, हा विचार आपण घरी आल्यावर करतो, आणि बहुधा तो उरल्यासुरल्या कापडावर ढकलतो.

आमच्या घरी नेमके हेच झाले. घरात पाळणा हलणार होता, म्हणून सूनबाईंनी हौसेने पाच चिटे आणली. एकावर तळहाताएवढी कमळे, एकावर भरघोस झेंडू, एकावर हिरव्या कोयऱ्या, एकावर मोर, एकावर जांभळी वेल. सहावा तुकडा माझ्या कैलासवासी मातोश्रींच्या पातळाचा होता. पांढऱ्या जमिनीवर निळ्या कोयऱ्यांचे ते पातळ त्या सणासुदीला नेसत. ट्रंकेत त्याचा एवढाच शाबूत भाग उरला होता. बाळाच्या अंगावर पणजीचा पदर असावा, ही सूनबाईंचीच इच्छा. जमिनीसाठी त्यांनी लालभडक नवे कापड घेतले. शुभकार्याचा रंग, आणि दुकानदाराने ‘रंग पक्का आहे’ असे सांगितलेले.

गोधडी पुरी झाली, ओसरीवर अंथरली, आणि आम्ही सारेच गप्प झालो. कमळेही मोठ्याने बोलत होती, मोरही बोलत होते, आणि त्यांच्याहून मोठ्याने त्यांच्यामागचा लाल रंग बोलत होता. जत्रेत हरवलेल्या मुलासारखी नजर हिंडत राही. तिला टेकावयास जागा मिळेना. पुढे पहिल्या धुण्यात लाल रंग सुटला आणि मातोश्रींचा शुभ्र तुकडा गुलाबी झाला. सूनबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “बाबा, आजींचा एवढाच तुकडा होता, तोही मी घालवला.” त्यांची समजूत घालावयास माझ्यापाशी शब्द नव्हते. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र शांतपणे कात्री घेतली आणि सांगितले, “उसवू या. चिटांत काही वाईट नाही. जमीन चुकली आहे.”

जमीन चुकली तर केवढे चुकते, याचा हिशेब पुढे मी कागदावर मांडून पाहिला. ९ इंच बाजूचे ३० चौकोन घ्यावेत. आडव्या ओळीत ५, अशा ६ ओळी. दोन चौकोनांमध्ये आणि चहूकडच्या कडेला ३ इंचांची मोकळी पट्टी सोडावी. म्हणजे गोधडी ६३ इंच रुंद आणि ७५ इंच लांब होते. एकूण क्षेत्र ४७२५ चौरस इंच. त्यांपैकी चिटांनी व्यापलेले २४३० आणि जमिनीचे उरलेले २२९५. जवळजवळ निम्मी गोधडी जमिनीचीच! जिला आपण उरलेल्या कापडातून भागवू पाहतो, ती अर्ध्या वाट्याची धनीण असते.

कापडाच्या या पूर्वतयारीचा विचार आपल्याकडे वेदान्त्यांनीसुद्धा केला आहे. चौदाव्या शतकातील विद्यारण्यांच्या ‘पंचदशी’चे सहावे प्रकरण ‘चित्रदीप’. त्यात आत्म्याच्या चार अवस्था समजावून देताना त्यांनी चित्र काढावयाच्या पटाचा दृष्टांत घेतला आहे. धुऊन शुभ्र केलेला तो धौत, खळ देऊन ताठ केलेला तो घट्टित, शाईने आकार रेखलेला तो लांछित आणि रंग भरलेला तो रंजित. सिद्धांताची चर्चा येथे करावयाची नाही. परंतु ज्या क्रमाने आचार्यांनी पट सिद्ध केला, तो क्रम घरातील गोधडीलाही लागू पडतो. रंग सर्वांत शेवटी येतो. धुणे सर्वांत आधी. आम्ही आरंभच रंगापासून केला होता.

म्हणून पहिली गोष्ट धुण्याची. नवे सुती कापड पाण्यात आटते, आणि प्रत्येक कापड सारखेच आटत नाही. न धुता शिवले तर जमीन एकीकडे ओढते, चीट दुसरीकडे. प्रत्येक कापड निराळे भिजत घालावे आणि त्यातही लाल, गर्द निळा आणि काळा यांवर विशेष नजर ठेवावी. ओल्या कापडावर पांढरी चिंधी ठेवून दाबावी. चिंधी रंगली तर पुन्हा धुवावे, आणि तीन-चार पाण्यांनंतरही रंग सुटत राहिला तर ते कापड कितीही आवडते असले तरी बाजूला ठेवावे. पाण्यात मीठ घातले की रंग पक्का होतो असे पुष्कळ घरांत मानतात. परंतु तो उपाय सर्व रंगांना लागू पडत नाही. धुतल्यावर जुन्या मऊ कापडाला हलकी खळ द्यावी, म्हणजे कापताना ते सरकत नाही. मग खडूने चौकोन आखावेत.

दुसरी गोष्ट रंगाच्या निवडीची, आणि येथे बहुतेकांची एक समजूत आड येते. लालशेजारी हिरवा शोभतो की पिवळा, एवढाच विचार आपण करतो. त्याआधी पाहावयाचे असते ते उजळपण आणि गडदपण. निवडलेली चिटे ओसरीवर मांडावीत, दहा-बारा पावले दूर जावे आणि डोळे किलकिले करून पाहावे. रंग विझतात आणि केवळ उजेड-अंधार उरतो. चिटे आणि जमीन त्या क्षणी एकमेकांत मिसळून गेली, तर ती जमीन निरुपयोगी. हिरवे चीट आणि लाल जमीन हे दिवसा कितीही निराळे दिसले, तरी दोन्हींचा गडदपणा सारखा असेल तर चौकोनाची कड डोळ्यांना ठरत नाही, आणि ती कड थरथरल्यासारखी वाटते. ही परीक्षा दिवसाच्या उजेडातच करावी. तिन्हीसांजेच्या अंधूक प्रकाशात लाल रंग आहे त्याहून काळसर दिसतो आणि डोळे फसतात.

शेजाराचे हे सामर्थ्य शास्त्रानेही मान्य केले आहे. शेव्रल नावाचे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली पॅरिसमधील गोबेलिन्स या विख्यात विणकाम-कारखान्यात रंगकामाचे प्रमुख झाले. तेथील काळ्या धाग्याला पुरेसा काळेपणा येत नाही अशी तक्रार होती. त्यांनी शोध घेतला तेव्हा दिसून आले की दोष धाग्याच्या रंगात नाही. त्याच्या शेजारी विणलेल्या रंगांमुळे तो फिका भासतो. १८३९ साली त्यांनी या विषयावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. गडद जमिनीवर उजळ रंग अधिक उजळतो, उजळ जमिनीवर तोच मंद वाटतो, हे त्यातील एक साधे सूत्र. माणसासारखीच रंगालाही संगत लागते, असे आम्ही कीर्तनात सांगतो. ते शब्दशः खरे आहे हे मला या निमित्ताने कळले.

आता प्रत्यक्ष जमिनी पाहू. कोरा मांजरपाट किंवा धोतराचा पांढरा ही सर्वांत जवळची आणि स्वस्त निवड. चिटांचे स्वतःचे अंग रंगीत असेल तर ती अतिशय शोभते. परंतु चिटाची जमीनच पांढरी असेल, तर तिची फुले चौकोनाबाहेर सांडल्यासारखी दिसतात आणि चौकोन नाहीसा होतो. अशा वेळी गडद जमीन घ्यावी. काळा रंग चिटांना सर्वांत उठाव देतो, पण मंगलकार्यासाठी शिवलेल्या गोधडीत तो बहुतेक घरांना नको असतो. संक्रांतीला हौसेने काळी चंद्रकळा नेसणारे घरही बाळंतविड्यात काळे घालत नाही. त्यांनी गर्द निळा, वांग्याचा जांभळा किंवा बाटलीचा हिरवा घ्यावा. काम तेच होते. मधल्या छटेची जमीन हवी असेल तर चिटातील सर्वांत मुबलक रंग टाळावा आणि सर्वांत थोडा असलेला शोधावा. कमळांच्या चिटात देठाचा तपकिरी, झेंडूच्या चिटात पानाचा मळकट हिरवा. गिरणीच्या पुष्कळ चिटांच्या कडेला छपाईत वापरलेल्या रंगांचे ठिपके छापलेले असतात. ती किनार कापून टाकण्यापूर्वी दुकानात जमिनीच्या ठाणावर धरून पाहावी.

जमीन अगदी एकरंगीच असावी असा हट्ट मात्र नसावा. इरकली लुगड्याची बारीक चौकडी, मोहरीएवढे ठिपके, अंगचीच सुताची रेघ, हे सारे दहा पावलांवरून एकरंगीच भासते आणि जवळ गेल्यावर कापडात जीव असल्याचे सांगते. नियम एवढाच की चिटांचा छाप मोठा असेल तर जमिनीचा छाप बारीक असावा. मोठ्याजवळ मोठा नांदत नाही. ठसठशीत चिटांचे चौकोनही मोठेच कापावेत. कमळाच्या चार फाकळ्या चार तुकड्यांत गेल्या तर ते चीट घेतल्याचे सार्थक काय? रेशीम, जर आणि चकाकणारे कृत्रिम धाग्याचे कापड सुती चिटांखाली घालू नये. जर बोचते, जुने रेशीम घडीवर फाटते, आणि चकाकणारी जमीन चिटांकडे पाहूच देत नाही.

तिसरी गोष्ट बळाची, आणि हीच भावनेच्या आड येते. वडिलांचे धोतर, आईचे लुगडे हे जमीन म्हणून वर दिसावे असे प्रत्येकाला वाटते. परंतु झिजलेल्या जमिनीवर नवे जाड चीट शिवले, तर ओढ लागताच जमीन चौकोनाच्या कडेने फाटते. जुने कापड उजेडासमोर धरावे. जेथून बोटे स्पष्ट दिसतात तेथे ते वरच्या थराला पुरे पडणार नाही. त्याला आत जागा द्यावी. गोधडीची ऊब थराथरांमध्ये अडकलेल्या हवेमुळे येते, आणि ती हवा धरून ठेवतात ती आतली मऊ कापडे. जुने आत, नवे वर. घरातील वडीलधाऱ्यांसारखेच हे. ते पुढे दिसत नाहीत, पण ऊब त्यांचीच असते.

चौथी गोष्ट मला सर्वांत उशिरा कळली. जमिनीचा विचार आपल्या देशात ठिकठिकाणच्या स्त्रियांनी आपापल्या परीने केला आहे. संस्कृतात ठिगळांच्या पांघरुणाला ‘कन्था’ म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात शंभर तुकड्यांच्या जीर्ण कन्थेचा उल्लेख आहे. त्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या बंगालच्या कांथेत जुन्या साड्या-धोतरांची पांढरी जमीन घेऊन, साडीच्या काठातून उपसलेल्या रंगीत दोऱ्यांनी चित्रे भरण्याची परंपरा आहे. तेथे जमीनच पुढे असते. याउलट उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया ‘कवंदी’ शिवतात. पूर्वी आफ्रिकेतून आलेल्या लोकांचा हा समाज. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज गोव्यामार्गे इकडे आले. त्या जुन्या साडीवर कडेपासून आरंभ करून मध्याकडे ठिगळे शिवीत जातात, आणि कोपऱ्यांवर घडीच्या त्रिकोणांची ‘फुले’ लावल्यावाचून कवंदी पुरी मानीत नाहीत. ठिगळे सारी साडी झाकून टाकतात. परंतु कवंदी उलटी करून पाहा. मागच्या साडीवर त्या स्त्रीच्या टाक्यांची ओळीमागून ओळ उमटलेली दिसते. पुढे कापडांचा मेळा, मागे हाताची सही.

हे वाचनात आले आणि आमच्या घरची गोधडी माझ्या डोळ्यांपुढे उभी राहिली. ठसठशीत चिटावर धावदोरा घातला तर तो फुलापानांत लपतो. कोणाचाही हात असो, दिसत नाही. तोच दोरा साध्या जमिनीवर आला की तांदळाच्या दाण्याएवढा प्रत्येक टाका नजरेत भरतो. चीट गिरणीत छापले गेले, हजारो घरांत तेच कमळ आहे. पण दोन कमळांमधल्या तीन इंचांच्या पट्टीवर जे उमटते, ते केवळ या घराचे. जमीन शांत ठेवावयाची ती याच्यासाठी. दोरा जमिनीच्या रंगाचाच पण किंचित उजळ घ्यावा, म्हणजे टाके दिसतात आणि चिटांशी स्पर्धाही करीत नाहीत.

आमची गोधडी उसवली गेली. चिटे धुऊन वाळवली. पुन्हा शिवताना गर्द निळे हातमागाचे सुती कापड घेतले. ते पाणी नितळ निघेपर्यंत धुतले. पन्हा अपुरा होता म्हणून दोन पन्हे मधोमध जोडले, आणि चौकोनांची मधली, तिसरी उभी रांग बरोबर त्या जोडावर बसवली. जोड बहुतांशी झाकला गेला. चौकोन १० इंचांचे कापून कडेने अर्धा-अर्धा इंच आत दुमडले. माझ्या तीर्थरूपांचे धोतर आणि मातोश्रींच्या लुगड्याचे उरलेले तुकडे आतल्या थरांत गेले.

गुलाबी झालेल्या तुकड्याचे काय करावे, हा प्रश्न शेवटी उरला. सूनबाई तो वगळावयास निघाल्या होत्या. सौभाग्यवतींनी तो निळ्यावर ठेवला आणि त्यांना दूर उभे करून पाहावयास लावले. लाल जमिनीवर जो मळका वाटत होता, तोच तुकडा गर्द निळ्यावर उजळून आला. त्यातला गुलाबीपणा पहाटेच्या आभाळासारखा दिसू लागला. डाग गेला नव्हता. जमिनीने तो पदरात घेतला होता. तो तुकडा आता गोधडीच्या वरच्या ओळीत, मधोमध आहे.

त्या रात्री सौभाग्यवतींनी ट्रंकेच्या तळाची एक जुनी गोधडी काढून आमच्यापुढे पसरली. मातोश्रींनी शेवटी शिवलेली. तिची चिटे जवळजवळ विरून गेली आहेत. कोणते फूल कोठे होते हे सांगता येत नाही. करड्या चौकडीची जमीन मात्र शाबूत आहे, आणि तिच्यावर त्यांचा धावदोरा. तीन कडांना टाके मोजून घातल्यासारखे सारखे; चौथ्या कडेला पोहोचता पोहोचता ते लांब होतात, वाकडे होतात, एके ठिकाणी ओळ सुटून दुसऱ्या ओळीत शिरते. त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी कोणाला सांगितले नव्हते. आम्ही ती गोधडी पांघरून वर्षानुवर्षे झोपलो आणि आमच्या ध्यानात आले नव्हते.

सूनबाईंनी त्या वाकड्या ओळीवरून हळूच बोट फिरवले आणि विचारले, “बाबा, आपल्या नव्या गोधडीवर आईंनीही चार ओळी घातल्या तर चालेल ना?” चालेल न चालेल हे मी कोण सांगणारा? सौभाग्यवतींनी चष्मा लावून सुईत दोरा ओवला होता.

यंदा नरकचतुर्दशीच्या पहाटे आमची नात त्याच गोधडीत गुरफटून ओसरीवर बसेल. तिला कमळे दिसतील, मोर दिसतील. जमीन दिसावयास अजून बरीच वर्षे आहेत. तोवर ती टिकेल, एवढी काळजी आम्ही घेतली आहे.